पुन्हा मल्लखांबावर
(नळदुर्ग येथे प्रौढ साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दिलेले भाषण)



आज मी तुमच्याशी एका माणसाविषयी बोलणार आहे. हा माणूस प्रत्येक गावात असतो. लहानपणी तो तालमीत जात होता. जोर मारत होता, बैठका काढत होता, मल्लखांबावर चढत होता. पुढे लग्न झालं. शेती अंगावर आली. कामासाठी सोलापूर नाहीतर पुणं गाठावं लागलं. तालीम सुटली. वीस-पंचवीस वर्षं निघून गेली. मग एक दिवस त्याला वाटतं, आपण पुन्हा कसरत करावी. त्याला फड मारायचा नसतो. बक्षीस मिळवायचं नसतं. अंग हलकं व्हावं, मन ताजं राहावं, एवढीच हौस असते. तो तालमीत जातो. दोन-तीन महिने जातो. आणि मग येईनासा होतो.

का येत नाही, असं विचारलं तर म्हणतो, "गुरुजी, आता काय जमत न्हाई. वय झालं."

वय झालं, हे खरं आहे. पण जमत नाही, हे खरं नाही. जमतं, मात्र हळू जमतं. हळू जमतं म्हणून माणूस कंटाळतो आणि सोडून देतो. आज या हळूपणाविषयीच बोलायचं आहे. तो कशामुळे येतो आणि त्याच्याशी कसं वागावं, एवढं सांगतो.

मुदत मागून घ्या

मल्लखांब ही आपल्याच मुलखातली विद्या आहे. मल्ल म्हणजे पैलवान. पैलवानाने सरावासाठी वापरायचा खांब, तो मल्लखांब. आपल्या नळदुर्गाहून फार लांब नाही, त्या कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, चालुक्यांची राजधानी होती. तिथल्या सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात मल्लांच्या मेहनतीचं वर्णन आहे. अशा खांबावरच्या मेहनतीचाही उल्लेख त्यात असल्याचं जाणकार सांगतात.

पुढे ही विद्या मागे पडली. पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभटदादा देवधर यांनी ती पुन्हा उभी केली. तालमीत त्यांची एक गोष्ट सांगतात. हैदराबादेकडून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पेशव्यांच्या दरबारी आले. त्यांनी कुस्तीचं आव्हान दिलं. कुणी पुढे होईना. बाळंभटदादा तेव्हा पोरसवदा होते. त्यांनी आव्हान उचललं, पण तयारीसाठी मुदत मागितली. त्या मुदतीत ते वणीच्या सप्तशृंगीला जाऊन राहिले. तिथे त्यांना ही खांबाची मेहनत सुचली, असं म्हणतात.

ही परंपरेने आलेली गोष्ट आहे. पण त्यातली एक बाब ध्यानात ठेवा. एवढा मोठा मल्ल, त्यानेसुद्धा मुदत मागितली. लगेच लंगोट कसून उतरला नाही. मग पंचवीस वर्षांनी परत आलेल्या माणसाने मुदत मागायला लाज कसली?

अंगात चार बैल असतात

आता हळूपणाचं कारण बघू.

गाडीला जोडलेला एक बैल तेज असला आणि दुसरा सुस्त असला, तर गाडी कोणाच्या चालीने हाकावी लागते? सुस्त बैलाच्या. तेज बैलाच्या चालीने हाकली तर जू वाकडं होतं आणि गाडी बांधावर चढते. आपल्या अंगात असे चार बैल आहेत. चौघांची चाल वेगळी आहे.

पहिला बैल म्हणजे मन आणि मेंदू. हा सगळ्यांत तेज. सायकल एकदा आली की विसरत नाही. तसंच खांब कसा धरायचा, पाय कधी टाकायचा, हे मेंदू विसरत नाही. परत आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी वाटतं, आपल्याला सगळं येतंय. येतं खरं, पण ते डोक्यात येतं.

दुसरा बैल म्हणजे स्नायू, म्हणजे अंगातलं मांस. वापर नसला की ते घटतं. तिशीनंतर दर दहा वर्षांनी शंभरातले तीन ते आठ भाग कमी होतात. साठीनंतर आणखी भरभर. पण ज्याने पूर्वी मेहनत केली आहे, त्याचं मांस नवख्या माणसापेक्षा लवकर परत येतं. जुन्या मेहनतीची खूण स्नायूंत शिल्लक राहते, असं शास्त्रज्ञांना आढळलं आहे.

तिसरा बैल म्हणजे कातडी. मल्लखांब करताना मांडीच्या आतली आणि काखेतली कातडी खांबावर घासते. आधी सोलवटते, मग काही आठवड्यांत टणक होते.

चौथा बैल सगळ्यांत सुस्त. त्याचं नाव कंडरा. टाचेच्या मागे हात लावून बघा. दोरीसारखं काहीतरी ताठ लागतं. ती कंडरा. मांसाला हाडाशी बांधून ठेवणारी ही दोरी. अशा दोऱ्या कोपरात आहेत, खांद्यात आहेत, गुडघ्यात आहेत. त्यांना रक्त कमी मिळतं. म्हणून त्या सावकाश बळकट होतात. त्यांना कित्येक महिने लागतात.

आता काय घडतं ते बघा. मन म्हणतं, मला येतं. दोन महिन्यांनी मांसही म्हणतं, मला जमतं. माणूस जोर वाढवतो. पण कोपराची दोरी अजून कच्ची असते. ती दुखावते. मग सहा-सहा आठवडे हात उचलत नाही. रोजगार बुडतो, पेरणी दुसऱ्याकडून करून घ्यावी लागते. घरातली माणसं म्हणतात, "कुणी सांगितली होती ही थेरं?" तालीम कायमची सुटते. म्हणजे तालीम सुटते ती हळूपणाने सुटत नाही. हळूपणाला कंटाळून केलेल्या घाईने सुटते. चौथ्या बैलाच्या चालीने चालला असता, तर तो आजही तालमीत दिसला असता.

आणखी एक साधा हिशोब करू. विसाव्या वर्षी वजन होतं पंचावन्न किलो. आज आहे पंचाहत्तर. फरक किती झाला? वीस किलो. म्हणजे तुम्ही वीस किलो ज्वारीचं पोतं पाठीला बांधून खांबावर चढताय. तेव्हाचा तुम्ही आणि आजचा तुम्ही, यांची बरोबरी कशी लावणार?

वाढ थांबते तेव्हा

पहिला महिना-दीड महिना बरा जातो. चार जोरांचे आठ होतात. माणूस खूश होतो. मग एकदम सगळं थांबतं. आठाचे नऊ होत नाहीत. याच ठिकाणी बहुतेक लोक गळतात.

असं का होतं? सुरुवातीला जी ताकद वाढते, ती बरीचशी मेंदूच्या हुकुमाची असते. निजलेले स्नायू जागे होतात, एकजुटीने ओढायला लागतात. ते काम लवकर होतं. त्यानंतर खरं मांस वाढायला हवं, आणि त्याला वेळ लागतो. म्हणजे ही थांबलेली वेळ ठरलेलीच आहे. ती सर्वांना येते. तुमच्यात काही खोट आहे म्हणून ती येत नाही.

आपल्या किल्ल्यातला बोरी नदीचा बांध तुम्ही पाहिला आहे. इब्राहीम आदिलशहाच्या काळात सतराव्या शतकाच्या आरंभी तो बांधला. त्याच्या पोटात पाणी महाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे त्याच्यावरून कोसळतात. माणसं लांबून बघायला येतात. पण पहिल्या पावसाला नर-मादी वाहतात का? नाही वाहत. आधी ओढे-नाले भरतात. नदीला पाणी येतं. बांधामागे पाणी चढत राहतं. त्या दिवसांत बांधाच्या पुढे उभं राहिलं तर काहीच दिसत नाही. कोरडी भिंत दिसते. तिथून कुणी म्हणाला की पाणी येतच नाही, तर तुम्ही त्याला हसाल. तुमची वाढ थांबलेली दिसते, तेव्हा तुम्ही बांधाच्या पुढच्या बाजूला उभे असता.

मी स्वतः शाळेत असताना मल्लखांब करीत होतो. नंतर नोकरी लागली आणि चाळीस वर्षं खांबाला हात लागला नाही. निवृत्त झाल्यावर पुन्हा सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार जोर झाले. खांबाला लटकलो ते पाच आकडे मोजेपर्यंत. तीन महिन्यांनी जोर बारा झाले. चौथा आणि पाचवा महिना बाराच. एकही वाढला नाही. सातव्या महिन्यात पंधरा झाले. साधी अढी लागली ती अकराव्या महिन्यात. अढी म्हणजे हातांनी खांब धरायचा, पाय वर टाकायचे आणि पायांनी खांबाला विळखा घालायचा. डोकं खाली राहतं. शाळेतलं पोर ती महिन्याभरात शिकतं. मला अकरा महिने लागले. खाली हात धरून उभा राहायचा तो माझ्या नातवाच्या वयाचा मुलगा होता. तो मला सांगायचा, "आबा, गडबड करू नका. मी हाय." मी त्याचं ऐकत होतो. तालमीत वयाला मान असतो, पण खांबाजवळ जो जाणता, तो वस्ताद.

वही ठेवा

हे सगळे आकडे मला कसे आठवतात? आठवत नाहीत. ते वहीत आहेत.

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. या विद्येचा एक चांगला उपयोग सांगतो. दहा-वीस रुपयांची एक वही घ्या. कसरत झाली की एक ओळ लिहा. अशी:

सोमवार. जोर ६. बैठका १५. लटकणे १० आकडे. डावा खांदा दुखला.

बुधवार. जोर ६. बैठका १५. लटकणे १२ आकडे. खांदा बरा.

शुक्रवार. जोर ५. रात्री पाणी द्यायला गेलो होतो, झोप नाही.

एवढंच पुरे. मन आजची तुलना पंचवीस वर्षांपूर्वीशी करतं आणि खट्टू होतं. वही आजची तुलना मागच्या महिन्याशी करते. ती खरी तुलना. शिवाय वही कारणही सांगते. शुक्रवारी एक जोर कमी का झाला? झोप नव्हती म्हणून. वय झालं म्हणून नव्हे. खांदा तीन ओळींत तीनदा दुखला, तर वही सांगते की आता थांब.

काय करावं

आता कामाच्या गोष्टी सांगतो.

सुरू करण्याआधी सरकारी दवाखान्यात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. छातीत दुखत असेल, चालताना दम लागत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू नका. रक्तदाब जास्त असेल किंवा डोळ्यांत काचबिंदू असेल, तर डोकं खाली करण्याची कसरत करू नये.

पहिले दोन महिने खांबाला हात लावू नका. जमिनीवरची मेहनत करा. सूर्यनमस्कार, बैठका, जोर. पूर्ण जोर होत नसेल तर भिंतीला हात लावून करा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार नेमाने सुरू केले ते चाळिशीच्या सुमारास. ते १८६८ साली जन्मले आणि १९५१ साली वारले. सूर्यनमस्कारांचा प्रसार त्यांनी जन्मभर केला.

तिसऱ्या महिन्यात खांबाला नुसतं लटका. मग गुडघे वर घ्या. मग कुणाच्या तरी मदतीने पाय वर टाका. मोठा घास गिळत नाही, त्याचे चार लहान घास करावे लागतात. खांबाला एरंडेल लावा. खालची माती उकरून भुसभुशीत करा किंवा गादी टाका. एकट्याने कधीही चढू नका.

आठवड्यातून तीन दिवस कसरत पुरे. मधे एक दिवस सोडा. मांस विश्रांतीत वाढतं. महिनाभर वाढ थांबली तर एक आठवडा निम्मीच मेहनत करा. मग पुन्हा पहिल्यासारखी करा. पुष्कळदा अडलेलं पुढे सरकतं. सुगीच्या दिवसांत अंग शेतातच दमतं. तेव्हा वाढवण्याचा हट्ट धरू नका. आहे तेवढं टिकवा.

आणि खाणं. महागडे डबे आणायची गरज नाही. मेहनत करणाऱ्या साठ किलोच्या माणसाला दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असली तर बरं. तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे तीस ग्रॅम असतात. पाऊणशे ग्रॅम डाळीत सोळा. मूठभर, म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत बारा. बेरीज करा. अठ्ठावन्न झाली. वर पेलाभर दूध किंवा एक अंडं. हे आपल्या घरचंच अन्न आहे. फक्त डाळ पातळ करून तिचं पाणी खाऊ नका, डाळ खा.

दुखणं दोन प्रकारचं असतं, तेही ओळखायला शिका. कसरतीनंतर दुसऱ्या दिवशी सगळं अंग ठणकतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं, त्याला घाबरू नका. पण एकाच जागी, सांध्याजवळ टोचल्यासारखं दुखतं आणि दर वेळी वाढतं, तर ती कंडरेची हाक आहे. तिथे थांबा.

हे कशासाठी

कुणी विचारेल, गुरुजी, इतका खटाटोप कशासाठी? आम्ही शेतात राबतो, ती मेहनत नव्हे का?

ती मेहनत आहेच. पण शेतकाम अंगाच्या एकाच बाजूला ओढतं. कमरेत वाकून वाकून पाठ तशीच राहते. खांदा वर जात नाही. तोल सांभाळायची सवय मोडते. म्हातारपणी माणूस न्हाणीत घसरतो, मांडीचं हाड मोडतं आणि अंथरूण धरतो. असं आपण घरोघरी पाहतो. पकड घट्ट राहिली, पायांत बळ राहिलं, तोल राहिला, तर माणूस शेवटपर्यंत आपल्या पायांनी चालतो. सुनेला हाक न मारता उठतो. याहून मोठं बक्षीस कोणत्या फडात मिळतं?

आणि उशीर झाला असं कधीच नसतं. १९९० साली अमेरिकेत डॉक्टरांनी एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याची मेहनत करून घेतली. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. जर्मनीत योहाना क्वास नावाच्या बाई १९२५ साली जन्मल्या. त्यांनी तरुणपणी कसरती केल्या. मग संसार आणि मुलंबाळं झाली. पंचावन्नी उलटल्यावर त्या पुन्हा स्पर्धेत उतरल्या. २०१२ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, जगातली सर्वांत वयस्कर कसरतपटू म्हणून त्यांची नोंद झाली. तेव्हाही त्या दोन समांतर दांड्यांवर कसरत करीत होत्या.

भगिनींनो, हे भाषण पुरुषांपुरतं समजू नका. दोरीचा मल्लखांब मुली आणि बायका करतात. मुंबईत दादरला शिवाजी पार्कजवळ श्रीसमर्थ व्यायाम मंदिर आहे. ते १९२५ सालचं. तिथले उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलींनाही मल्लखांब शिकवला. २०१९ साली मुंबईत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२४ साली देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. ज्या मुलींना दोरी दिसत नाही, त्या हाताने चाचपत, एकेक पकड पाठ करत शिकल्या. त्यांना किती धीर धरावा लागला असेल, याचा विचार करा.

मंडळी, आपल्याकडे म्हण आहे, पी हळद आणि हो गोरी. तसं अंगाच्या बाबतीत होत नाही. तुम्ही या वर्गात आलात तेव्हा 'क' आणि 'फ' यांत गोंधळत होता. कित्येक आठवडे पाटीवर तेच गिरवलं. आज तुम्ही हे पान वाचत आहात. मधल्या कोणत्या दिवशी वाचता आलं, ते तुम्हांला सांगता येणार नाही. कसरतीचंही तसंच समजा.

ज्यांची तालीम सुटली आहे, त्यांनी येत्या सोमवारी पहाटे उठावं. होतील तेवढे जोर मारावेत, मग ते दोन का असेनात. आणि वहीत पहिली ओळ लिहावी. पुढच्या महिन्यात वर्गाला येताना ती वही बरोबर आणा. मला ती वाचायची आहे.